इंजिनाचा भाव आणि जावयाचा उपास

गहिनीनाथानं पाय धुवायलासुद्धा पाणी घेतलं नाही, तेव्हा सासूबाईंच्या कपाळावर जी आठी पडली ती दिवसभर काही गेली नाही.

खरं तर जावई दीड दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत बार्शीहून आला होता. चैत्राचं ऊन, वाटेवरची पांढरी धूळ मिशांवर बसलेली. मधली सून बायनाबाई पाण्याची घागर घेऊन ओट्याच्या कडेला उभी होती. घागरीतून किंचित वाफ येत होती. गहिनीनाथानं हात जोडले, गाडीतला आपला तांब्या काढला आणि तळाशी उरलेल्या घोटभर पाण्यानं पाय भिजवल्यासारखे केले.

"मामी, राग धरू नका," तो सासूला, केशरबाईंना म्हणाला. "भाव सांगेपत्तोर या घरचं काई घ्यायचं न्हाई. आमच्या उस्तादाची शिकवन हाय."

"पानी बी न्हाई?"

"पानी बी न्हाई."

"इख कालवलंय का आमी त्यात?" केशरबाई म्हणाल्या आणि उत्तराची वाट न पाहता आत गेल्या. बायनाबाई जरा थांबली. काहीतरी ओठांवर आलेलं तिनं गिळलं आणि भरली घागर कडेवर घेऊन तीही गेली.

आश्रुबा माघात वारले आणि तेराव्याचं गोड जेवण पचायच्या आत विठ्ठलराव आणि रामकिसन या भावांच्या चुली वेगळ्या झाल्या. रान वाटून झालं, बैल वाटून झाले, मोठा तांब्याचा हंडा कुणी न्यायचा यावर दोघांच्या बायकांनी धरलेला आठ दिवसांचा अबोलाही संपला. गाडं अडलं होतं ते इंजिनापाशी. सात वर्षांपूर्वी आश्रुबांनी बार्शीच्या कापसाच्या एका बुडालेल्या जिनातून हे रॉकेलवर चालणारं इंजिन आणि पिठाची चक्की उचलून आणली, तेव्हा या युसूफ वडगावात ते पाहायला पाच गावची माणसं लोटली होती. मधला मुलगा दगडू ते चालवायला शिकला. चार वर्षांपूर्वी तो तापानं गेला आणि गावाला वाटलं, आता इंजिनही गेलं. पण दहाव्या दिवशी चक्कीचा आवाज आला. लोक पाहतात तो बायनाबाई पदर खोचून इंजिनापाशी उभी. चार दिवस गाव बोललं, पाचव्या दिवशी दळण घेऊन आलं.

मरताना आश्रुबांनी पंचांसमोर सांगून ठेवलं होतं की दगडूचा वाटा त्याच्या बायकोला द्यायचा आणि इंजिनही तिलाच. मात्र इंजिनाची जी किंमत ठरेल तेवढं रान तिच्या बारा बिघ्यांतून कापून दोघा भावांना जावं. बिघ्याला निजामाचे शंभर हाली रुपये, हा दरही पंचांनी बांधून दिला होता. म्हणजे इंजिन जितकं महाग, तितकं बायनाबाईचं रान कमी. दोन महिने एकमेकांचं तोंड न पाहणारे विठ्ठलराव आणि रामकिसन इंजिनाचं कौतुक करताना मात्र अगदी एका सुरात बोलू लागले होते.

पंचांनी आधी गावच्याच पारख्याला विचारलं. सिदूआबांचा जन्म मेंढरांमागे गेलेला. बैलाच्या तोंडात बोट घातलं की बैलाचं वय, बैलाची खोड आणि मालकाचा खोटेपणा अशा तिन्ही गोष्टी हा म्हातारा एका दमात सांगायचा. तीस वर्षं आसपासच्या बाजारांत त्याचा शब्द चालत आला होता. इंजिनाभोवती त्यानं दोन चकरा मारल्या, चाकावर थाप दिली, वास घेतला आणि सांगून टाकलं की याला दात नाहीत, मला यातलं काही कळत नाही. विठ्ठलरावांनी परोपरीनं विनवलं, अंदाजानं तरी बोला म्हणाले. अंदाजानं बोलायला तुम्ही आहातच की, असं म्हणून सिदूआबा मेंढरांकडे निघून गेले.

म्हणून मग जावयाला सांगावा गेला. गहिनीनाथ बार्शीच्या जिनात पंधरा वर्षं फिटर होता आणि हल्ली जुन्या यंत्रांची किंमत करायला त्याला चार ठिकाणांहून बोलावणी येत. त्यानं उलट निरोप धाडला की मी पडलो घरचा जावई, मला या भानगडीत घेऊ नका. त्यावर सिदूआबांनी कळवलं की जावई तिन्ही वाटण्यांना सारखाच महाग पडतो, तवा खुशाल या.

वाटेत चतुराबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकदा मधूनच विचारलं होतं की आपल्या बार्शीच्या परसात म्हैस मावेल का. ऊन लागलंय हिला, असं समजून गहिनीनाथानं तिच्या डोक्यावर ओला टॉवेल टाकला होता.

आता तो चक्कीच्या छपरात गेला आणि इंजिनाच्या डोक्यावर हात ठेवून चटकन मागे घेतला. पहाटेपासून दळण चाललं होतं, गाडीची घुंगरं ऐकून बायनाबाईनं नुकतंच इंजिन थांबवलं होतं. गरम इंजिन कुणीही सुरू करतो, असं उस्ताद म्हणत. यंत्राची खरी जात कळते ती थंड असताना. तेव्हा ते निवेपर्यंत थांबणं आलं आणि इंजिन निवायला दुपार होणार, हेही उघड होतं.

ती सकाळ गहिनीनाथ जन्मात विसरला नाही. बार्शीहून बांधून आणलेल्या भाकरी कालच संपल्या होत्या. छपराच्या सावलीत तो बसला आणि समोरच्या स्वयंपाकघरातून आधी पुरणाचा वास आला, मग जायफळाचा, मग कटाच्या आमटीच्या फोडणीचा. केशरबाईंनी चूल त्याच बाजूला का पेटवली होती, हे विचारायची सोय नव्हती. थोड्या वेळानं चतुराबाई ताटलीत दोन पापड घेऊन आली. पापड काही जेवणात मोडत नाही, असा आत बायकांचा निवाडा झाला होता म्हणे. त्यानं मान हलवली. तिनं उभ्या उभ्या त्याच्यासमोर दोन्ही पापड खाल्ले, कुरकुर आवाज करत, आणि ताटली घेऊन गेली.

मग रामकिसन ताक घेऊन आला. ताक परत गेलं. मग विठ्ठलराव आले, शेजारी टेकले, पाऊसपाण्याचं बोलले आणि बोलता बोलता आपलं उपरणं त्यांनी गहिनीनाथाच्या हातावर टाकलं. गुरांच्या बाजारात भाव असाच होतो, कापडाखाली, बोटं दाबून, शेजारच्याला कळू न देता. उपरण्याखाली विठ्ठलरावांनी पाची बोटं दोनदा दाबली. बोटाला शंभर, म्हणजे हजार. गहिनीनाथानं हात काढून घेतला आणि उपरण्याची नीट घडी करून ती मेव्हण्याच्या मांडीवर ठेवली.

"भाऊ, सगळ्यांम्होरं सांगीन जे काय असंल ते."

"मी कुठं काय म्हनलं?" विठ्ठलराव म्हणाले. "तुमच्या हाताला ऊन लागत हुतं."

त्याला हसू आलं, पण ते वरवरचं. उस्तादांची ही शिकवण हौसेची नव्हती. तरुणपणी त्यांनी एका शेठच्या घरी मटणावर ताव मारला आणि ढेकर देत देत त्याच्या जुन्या बॉयलरची किंमत केली. एक जोड त्यांच्या नजरेतून सुटला. तीन महिन्यांनी तो जोड फुटला आणि वाफेनं एका भट्टीवाल्याचे दोन्ही डोळे गेले. पुढे आयुष्यभर उस्ताद जिथं किंमत करायची तिथलं पाणीसुद्धा प्यायले नाहीत. तो भट्टीवाला जिनाच्या फाटकाशी बसून असे. गहिनीनाथ रोज त्याच्यासमोरून कामाला जाई. भाव चुकला तर तो कुणाच्या तरी अंगावर जाऊन पडतो, हे त्यानं तिथं पाहिलं होतं.

एक जणच त्याच्याकडे आली नाही, ती बायनाबाई. खरं म्हणजे तिचंच रान पणाला लागलं होतं. ती येईल, डोळ्याला पदर लावेल, नवऱ्याचं नाव काढेल, असं धरून त्यानं मन घट्ट करून ठेवलं होतं. ती आलीच नाही, तेव्हा त्याला जरासं चुकल्यासारखं झालं.

दुपारी इंजिन निवलं. सगळं घर, पंच आणि दळण घेऊन खोळंबलेल्या दहाबारा बायका छपराभोवती गोळा झाल्या. बायनाबाईनं इंजिनाच्या डोक्याखाली बत्ती पेटवली. ते तापून लाल होईपर्यंत ती शांतपणे बसून राहिली, मग उठून दोन्ही हातांनी जड चाक आधी थोडं मागं घेतलं आणि एकदम पुढं ओढलं. ठक्. मग ठक्-ठक्. मग छपरावरचे पत्रे थरथरायला लागले. गहिनीनाथाला मनातल्या मनात कबूल करावं लागलं की बार्शीच्या जिनातसुद्धा इतक्या सफाईनं चाक ओढणारी माणसं दोनच होती.

त्यानं पेटीतून शिसवी काठी काढली, एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं दातांत धरलं आणि डोळे मिटले. अशानं लोखंडाच्या आतला आवाज कवटीत ऐकू येतो. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"मी बैलाच्या तोंडात बोट घालतो," सिदूआबा म्हणाले, "ह्यो इंजिनाचं दुखनं आपल्याच तोंडात घेतो. लई कष्टाचं काम हाय."

इंजिन सुरेख चाललं होतं. आवाजात खोट नव्हती, चाक डुलत नव्हतं, तेल गळत नव्हतं. उस्तादांच्या रिवाजाप्रमाणे तासभर ते चालू ठेवून पाहायचं. पाव तास झाला. इंजिनाच्या दोन ठोक्यांमध्ये गहिनीनाथाचं पोट इतकं स्पष्ट बोललं की पुढच्या रांगेतल्या रामकिसनच्या बायकोनं, भामाबाईनं, मान खाली घातली. पुरणाचा वास छपरापर्यंत आला होता. त्यानं काठी पेटीत ठेवली.

"नऊशे," तो म्हणाला.

विठ्ठलराव आणि रामकिसन यांनी एकमेकांकडे पाहिलं, दोन महिन्यांत पहिल्यांदाच. बायनाबाईनं फडक्यानं इंजिनावरचा तेलाचा ओघळ पुसला. "तीन बिघे ऱ्हायले म्हंजी," ती म्हणाली, कुणाला असं नाही. गहिनीनाथाला वाईट वाटलं. पण वाईट वाटूनही आकडा हलला नाही, याचं त्याला बरंही वाटलं आणि तसाच तो जेवायला गेला.

आता जेवायला कसलीच आडकाठी नव्हती. इंजिन थांबवलंच नाही, बायकांची दळणं पडून होती म्हणून भामाबाई चक्कीपाशी राहिली. केशरबाईंनी सकाळपासूनचा सगळा राग तुपाच्या धारेत काढला. एक पोळी झाली, दोन झाल्या, पाचवी ताटात पडली तेव्हा जावयानं नाही म्हणायचं म्हणून म्हटलं. विठ्ठलरावांनी आग्रह केला, रामकिसननं मोठ्या भावाच्या ताटात आपल्या हातानं भजी वाढली. केशरबाईंनी ते पाहिलं आणि डोळे टिपले. इंजिनानं नऊ बिघे घेतले पण दोन भाऊ एका पंगतीला बसवले, असं त्या पुटपुटल्या. दाराआड बसलेल्या बायनाबाईला ते ऐकू गेलं असावं.

जेवण झालं. गहिनीनाथ हात धुवायला ओट्याच्या कडेला आला. बायनाबाईनं त्याच्या हातावर पाण्याची धार धरली.

पाणी गरम होतं.

चैत्राच्या भर दुपारी हात धुवायला गरम पाणी कोण देतं, एवढं त्याच्या मनात यायला अवकाश, तोवर ओंजळ चूळ भरायला तोंडाशी गेली आणि तिथंच थांबली. पाण्याला धुराचा वास होता. रॉकेलच्या जळक्या धुराचा, पुसटसा, पण न चुकणारा.

"वैनी, ह्ये पानी कुठलं?"

"इंजिनाच्या टाकीतलं. आमी न्हायाला तेच वापरतो. फुकट तापतं," बायनाबाई म्हणाली. मग आवाज खाली आणून, "सकाळी बी तेच आनलतं. तुमी घेतलं न्हाई."

गहिनीनाथ तसाच ओल्या हातानं छपरामागे गेला. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पत्र्याची टाकी भिंतीपलीकडे उन्हात उभी होती. सकाळी त्यानं नळ्यांना हात लावून पाहिला होता, टाकीचं झाकण उघडलं नव्हतं. आता उघडलं. आत पाण्यातून बुडबुडे वर येत होते, सावकाश, एकामागून एक. इंजिनाचं डोकं आतून चिरलं होतं आणि चिरेतून धूर पाण्यात येत होता. लोखंड नीट तापायला तास लागतो, तोवर चीर मिटलेली राहते. पाव तासात ती दिसणार कुठून?

झाकण हातात धरून तो उभा राहिला. टाकीपाशी दुसरं कुणी नव्हतं. झाकण परत ठेवलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. बायनाबाई बोलणारी नव्हती, हे त्याला आता समजलं होतं. पण नऊशे हा आकडा चारशेनं चुकला होता आणि त्याच्यापायी एका बाईचं चार बिघे रान जाणार होतं. आणि बोललो तर? ज्या दिवशी उपाशी राहून भाव सांगितला त्याच दिवशी, भरपेट जेवल्यावर, जिनं हातावर पाणी घातलं तिच्याच फायद्याचा भाव फिरवला, असं गाव म्हणणार. उस्तादांनी आयुष्यभर जे बोलणं टाळलं ते त्याच्या नावाला चिकटणार. गहिनीनाथाला मनापासून लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली.

मग त्याला फाटकाशी बसलेला तो भट्टीवाला आठवला. त्यानं झाकण खाली ठेवलं आणि मोठ्यानं सगळ्यांना हाक मारली.

पंच आले, भाऊ आले, विडे तोंडात तसेच. त्यानं बुडबुडे दाखवले, चीर कशी असते ते बोटानं समजावून सांगितलं आणि नऊशेचा भाव आपण मागे घेतो म्हणाला. आपल्या मते हे इंजिन पाचशेच्या वर जात नाही, पण तोही आकडा कुणी धरू नये, कारण आता आपण या घरचं जेवलो आहोत.

विठ्ठलरावांनी विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "पाच पोळ्या," ते म्हणाले, "आन चार बिघे. लई महाग पडली बे पंगत."

रामकिसन हसला. बायकांत कुजबुज झाली. गहिनीनाथाचे कान तापले.

"पोळ्या म्या केल्यात," केशरबाई पुढे झाल्या. सकाळची आठी अजून होती, पण आता ती थोरल्या मुलाकडे वळली होती. "तिनं न्हाई. माज्या पोळीनं जावई फितला आसंल तर माज्याकडं फितायला पायजे. मला कुठं रान मिळतंय?"

विठ्ठलराव विडा थुंकायला कडेला वळले.

"चूक माजीच हाय," गहिनीनाथ म्हणाला. "तासभर बघायचं ते पाव तास बघितलं. कावून? तर भूक लागलती. उपाशी ऱ्हायलो ते भाव खरा यावा म्हनून, आन त्या उपासापायीच घाई केली. ह्ये पानी सकाळी म्होरं आलतं, ते बी सोवळ्यापायी परत धाडलं. आन यंत्र जे चालवतं त्याला पयलं इचारायचं असतं. म्या लोखंडाला इचारलं, लाकडाला इचारलं. वैनीला न्हाई इचारलं."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. सिदूआबांनी काठी टेकत टाकीत डोकावून पाहिलं, मग बायनाबाईकडे वळले.

"पोरी, तुला ठाव हुतं?"

बायनाबाईनं पदर सावरला. "हुतं. ही चीर ते असतानाच पडलीय. नवसागर आन लोखंडाचा कीस कालवून बुजवायची, त्येंनीच शिकवलंय. वरसातनं एकदा बुजवते."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"काय बोलू, आबा? खोट सांगितली तर माजंच रान वाचतंय. म्हनले असते, रान वाचवायला रांडकीनं खोट काढली." तिनं टाकीकडे मान केली. "म्हनून पानी घातलं. पानी तर काय बोलत न्हाई."

इंजिन ठक-ठक करत होतं. गहिनीनाथानं मान खाली घातली. दिवसभर आपण एकटेच नेमानं वागतो आहोत, असं समजून तो उपाशी बसला होता आणि भिंतीपलीकडे ही बाई तोच नेम त्याच्याहून कडक पाळत होती.

पंचांच्या वतीनं सिदूआबांनी निवाडा दिला तो बैलबाजारातला, जुना. दोन भावांत एक बैल असला की एकानं किंमत सांगायची आणि घ्यायचा की द्यायचा ते दुसऱ्यानं ठरवायचं. सांगणारा जास्त बोलला तर बैल त्याच्याच गळ्यात पडतो, कमी बोलला तर हातचा जातो. तेव्हा बायनाबाईनं इंजिनाची किंमत सांगावी. भावांना वाटलं तर त्यांनी त्या किमतीला इंजिन घ्यावं, म्हणजे तेवढ्या रानावरचा हक्क सोडावा, बाराच्या बारा बिघे तिला राहतील. नाही वाटलं तर इंजिन तिचं आणि तेवढं रान त्यांचं.

सगळ्यांना वाटलं ती पाचशे म्हणेल. आकडा जावयानंच तोंडात घालून दिला होता.

"साशे," बायनाबाई म्हणाली.

रामकिसनचे डोळे चमकले. सहाशेला इंजिन म्हणजे तसं स्वस्तच, रोज गावचं दळण येतं. तो थोरल्या भावाच्या कानाशी लागला. विठ्ठलरावांनी मान डोलावली. फायदा समोर दिसला की अबोल्यातल्या भावांचंही पटकन जमतं. घेतो म्हणाले.

"घ्या की," सिदूआबा म्हणाले. "पन बैल घेनारानं एकदा जुंपून दावावं लागतं."

बायनाबाईनं इंजिन थांबवलं आणि बाजूला झाली. ते गरमच होतं, बत्तीचीही गरज नव्हती. रामकिसननं धोतर आवळलं, चाकाला दोन्ही हात घातले आणि वहिनीला पाहिलं होतं तसा झटका दिला. पण मागं किती घ्यायचं आणि सोडायचं कधी, ते काही पाहून येत नाही. इंजिन सुरू झालं खरं, पण उलटं. चाक मागं फिरायला लागलं, चक्कीचा पट्टा फटकन निसटून उडाला आणि त्यानं रामकिसनचा पटका नेमका उचलून पिठाच्या ढिगात नेऊन टाकला. भामाबाई किंचाळली. दळणाच्या बायका पळाल्या. बायनाबाईनं पुढे होऊन तेल बंद केलं आणि इंजिन शांत झाल्यावर पटका झटकून दिराच्या हातात दिला.

"ऱ्हाऊ द्या," विठ्ठलराव म्हणाले. "तिचं तिलाच असू द्या. साशेला."

कागद गहिनीनाथानंच लिहिला. इंजिनाची किंमत सहाशे हाली, ती बायनाबाईंनी सांगितली आणि दोघा दिरांनी मानली. खाली त्यानं आपण होऊन एक ओळ घातली की पहिली किंमत करणारा चुकला होता, आणि सही केली. सिदूआबांनी अंगठा उठवताना ती ओळ मोठ्यानं वाचायला लावली आणि म्हणाले, "आता तुमी पारखी झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळभर तो थांबला. इंजिनाचं डोकं खोलून चीर नव्यानं बुजवून दिली, म्हणजे बायनाबाईनं बुजवली आणि त्यानं कीस चाळून दिला. सहाशे कसे काढले, असं त्यानं तिला विचारलं.

"खोट तुमी बघितली," ती म्हणाली. "ती बुजवता येती, ते मला ठाव हाय. त्येचे शंभर."

निघताना केशरबाईंनी पोळ्यांचं गाठोडं गाडीत ठेवलं. त्यांची आठी गेली होती. बायनाबाईनं तांब्या भरून दिला, आडाच्या गार पाण्यानं.

गाव मागे पडल्यावर गहिनीनाथ तांब्यातलं घोटभर पाणी प्यायला. मग म्हणाला की सगळ्या जगाला समजावं आणि मलाच समजू नये, असं कसं झालं.

"दिवाळीला आलते तवा चार दिवस त्याच पान्यानं न्हालते," चतुराबाई म्हणाली. "केसाचा वास आठ दिस गेला न्हवता."

त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. "आन सांगितलं न्हाईस?"

"इचारलं कुनी?"

बैलांच्या घुंगरांचा आवाज येत राहिला. मग गहिनीनाथानं तिच्याकडे सरकून, पहिल्यांदाच पारखी म्हणून नव्हे तर अडाणी म्हणून, विचारलं, "आनखी काय काय ठाव हाय तुला, जे म्या इचारलं न्हाई?"

चतुराबाईनं मांडी नीट घातली. "बार्शी येईपत्तोर पुरंल येवढं हाय," ती म्हणाली, आणि गाठोडं सोडून अर्धी पोळी त्याच्या हातावर ठेवत तिनं, हजाराचा भाव निघाला तर थोरल्या भावानं द्यायला कबूल केलेल्या म्हशीपासून सुरुवात केली.